टापटीपरावांचा न धुतलेला शर्ट

"तुम्हाला आई म्हणवून घ्यायची लाज कशी वाटत नाही?" असं टापटीपराव त्या दिवशी सकाळी एका बाळंतिणीला तोंडावर म्हणाले. बाळंतीण शेळी होती, आणि हे ऐकून घेताना ती त्यांच्या शर्टाची कॉलर चाटत होती.

वास्तविक टापटीपराव इतकं रोखठोक बोलणारे गृहस्थ नव्हेत. वीज कंपनीच्या तक्रारखिडकीमागे त्यांची आजवरची सगळी नोकरी झाली. त्या खिडकीची ख्याती अशी, की तावातावानं भांडायला आलेला माणूस जाताना आभार मानून जायचा आणि घरी गेल्यावर त्याच्या ध्यानात यायचं, की आपलं काम काही झालेलं नाही. "नोंद घेतली आहे, कारवाई चालू आहे," हे वाक्य टापटीपराव अशा मायेनं म्हणत, की ऐकणाऱ्याला आपली विजेची तार जोडली गेल्यासारखंच वाटावं. काहीही न करता समोरच्याला समाधानानं घरी पाठवण्यात त्यांचा हात धरणारा त्या कंपनीत कुणी नव्हता.

त्यांची दुसरी ख्याती स्वच्छतेची. वसाहतीत त्यांना टापटीपराव हे नाव आधी पाठीमागे पडलं, मग तोंडावर पडलं आणि शेवटी त्यांच्या बायकोनंही ते उचललं. खुर्चीवर बसण्यापूर्वी ते खुर्ची पुसत, आणि पुसलेल्या फडक्याकडे असं बघत, की खुर्ची देणाऱ्याला शरमल्यासारखं व्हावं. शर्ट त्यांना रोज परीटघडीचाच लागे, आणि त्यावर डाग पडला की दिवस वाया गेला असं ते धरून चालत.

या दोन गुणांपैकी पहिल्यावर विसंबून ताईनं शेळी त्यांच्या हवाली केली, आणि दुसऱ्यानं घात केला.

ताई म्हणजे टापटीपरावांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भावाच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहायला आली, ती एक ट्रंक आणि एक शेळी घेऊन. शेळीचं नाव बाईसाहेब. हे नाव ताईच्या नवऱ्यानं ठेवलेलं, त्यामुळे बदलायचा प्रश्नच नव्हता. गेल्या खेपेला बाईसाहेबांना मेलेलं पिल्लू झालं, तेव्हा ताई कित्येक दिवस घरात कुणाशी धड बोलली नव्हती. या खेपेला ती शेळीच्या पोटावर हात ठेवून तासन्‌तास बसायची. अशात डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. ती पुढे ढकलता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"अजून अवकाश आहे तिला," ताई गाडीत बसताना म्हणाली. "त्यातून काही झालंच, तर तू लांब उभा राहा. तिचं ती बघते. तू हात लावू नकोस."

"म्हणजे मी काहीच करायचं नाही?"

"तेवढं जमेल ना तुला, धाकट्या?"

'तेवढं जमेल ना तुला' हा ताईचा लहानपणापासूनचा प्रश्न. दप्तर भरायचं असो, मुलगी बघायला जायचं असो, बदलीचा अर्ज असो, ताईनं तो विचारला नाही असं झालं नव्हतं. टापटीपराव मनातून दुखावले. ज्या कामात आपण आयुष्य घालवलं, त्या कामाबद्दल घरातल्याच माणसानं शंका घ्यावी, याचं त्यांना वाईट वाटलं.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, ऑफिसला निघण्याआधी ते चारा टाकायला परसात गेले, तर बाईसाहेब कोपऱ्यात आडव्या पडून विव्हळत होत्या.

जन्म ही घटना टापटीपरावांनी आजवर फक्त ऐकली होती. त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या वेळी ते दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसले होते, आणि नंतर त्यांच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं, टाळू तेलानं चोपडलेलं, तयार बाळ आलं होतं. सगळेच जीव असे तयार येतात, अशी त्यांची कुठेतरी समजूत असावी. त्यामुळे परसात पुढच्या काही क्षणांत जे घडलं ते पाहून त्यांनी हातातला चारा स्वतःच्याच तोंडापुढे धरला. "अहो, कुणीतरी या," असं ते म्हणाले खरे, पण इतक्या हळू, की ते कुणी ऐकलं असतं तर त्यांनाच संकोच वाटला असता. आणि मग समोर जमिनीवर एक ओलंगिच्च, चिकट, रक्तानं माखलेलं करडू पडलेलं दिसलं. त्याच्या अंगाला माती लागली होती. बाईसाहेब ती माती जिभेनं चाटत होत्या.

एवढं मात्र टापटीपरावांना बघवेना. नुकत्याच जन्मलेल्या जिवाच्या अंगाला माती, आणि आई ती पोटात घालतेय. ताईचं वाक्य त्यांना आठवलं नाही असं नाही. ते आठवलं, पण हात लावू नकोस याचा अर्थ घाणेरडे हात लावू नकोस असा असणार, असं त्यांच्या मनानं परस्पर ठरवून टाकलं. त्यांनी करडू उचललं, छातीशी धरलं आणि थेट न्हाणीघर गाठलं. बाईसाहेब लटपटत्या पायांनी दारापर्यंत मागे आल्या. "आपण आराम करा," असं म्हणून टापटीपरावांनी त्यांच्या तोंडावर, पण अत्यंत आदरानं, दार लावलं.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मन लावून केलं, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. कोमट पाणी, स्वतःचा गुलाबाच्या वासाचा साबण, दोन वेळा. मग बायकोचा टॉवेल, केस वाळवायचं यंत्र, शेवटी मानेखाली आणि बगलेत पावडर. करडू पांढरं आहे हे तेव्हा कुठे समजलं. मग परसात फिनेल टाकून त्यांनी सगळी जमीन खराट्यानं घासली, पालापाचोळा गोळा केला, करडामागून पडलेली वार जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कचऱ्याची गाडी नेमकी दारात आली होती तिच्यात टाकून दिली. इतकं काम त्यांच्या हातून ऑफिसात एका दिवसात कधी झालं नव्हतं.

"अहो, हे काय?" बायको दूध घेऊन आली ती दारातच थबकली.

"करडू."

"ते मला दिसतंय. माझा टॉवेल कशाला?"

"तो धुतलेला होता," टापटीपराव म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं यावर आणखी बोलण्यासारखं काही नव्हतं.

मग त्यांनी ते भांग पाडलेलं, गुलाबाचा घमघमाट सुटलेलं करडू बाईसाहेबांपुढे नेऊन ठेवलं, आणि आईच्या डोळ्यांत कृतज्ञता दिसेल म्हणून वाट बघत उभे राहिले.

बाईसाहेबांनी नाक पुढे केलं. हुंगलं. त्या शिंकल्या. मग दोन पावलं मागे सरकून त्यांनी करडाला अशी ढुशी दिली, की ते बिचारं कोलांटी खाऊन पाण्याच्या बादलीवर आपटलं.

टापटीपराव सुन्न झाले. चुकून लागलं असेल म्हणून त्यांनी करडू पुन्हा पुढे ठेवलं. पुन्हा ढुशी. तिसऱ्या वेळी करडू धडपडत स्वतःच कासेपाशी गेलं, तर बाईसाहेबांनी लाथ झाडली. तक्रारखिडकीत त्यांनी नवरा-बायको भांडताना पाहिले होते, सख्खे भाऊ मीटरवरून एकमेकांच्या अंगावर जाताना पाहिले होते, पण जन्म देऊन तासही झाला नाही तोच आई पोराला झिडकारते, हे बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि त्याहून अजब गोष्ट पुढेच होती. बाईसाहेब वळल्या, टापटीपरावांजवळ आल्या, आणि घशातल्या घशात एक मऊ, हळुवार आवाज काढत त्यांचा शर्ट छातीपासून कॉलरपर्यंत चाटू लागल्या. चाटून झाल्यावर त्या पाठमोऱ्या झाल्या, एक पाय जरासा बाजूला घेतला आणि कास टापटीपरावांपुढे करून शांत उभ्या राहिल्या.

वर सांगितलेलं लाजेचं वाक्य ते म्हणाले ते कॉलरवर जीभ फिरत असतानाच.

तोपर्यंत कुंपणापलीकडून कंपाउंडरकाका आले होते. कंपाउंडरकाका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण दवाखान्याचा डॉक्टर वारल्यापासून त्यांची स्वतःबद्दलची कल्पना बढती घेत घेत बरीच वर गेली होती.

"बाळंतपणाचा धक्का," ते म्हणाले. "मन बसतं. बायकांतही होतं असं. तिच्याशी गोड बोला, रेडिओ लावा, पातळ काहीतरी प्यायला द्या."

"पण ती माझ्याशी चांगली वागतेय."

"तुमच्यात तिला आधार दिसत असेल."

हे ऐकून एवढ्या गडबडीतही टापटीपरावांना बरं वाटलं. जनावराला माणूस कळतं, असं ते बायकोला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले. बायको करडाला दुकानातलं दूध बाटलीनं पाजायच्या खटपटीत होती, आणि करडू प्रत्येक घोट तिच्या अंगावर परत करत होतं. बाटली नको, चमचा नको, बोळाही नको. टापटीपरावांच्या कानाची पाळी मात्र त्याला पसंत पडली. ती तोंडात घेऊन ते डोळे मिटून चोखू लागलं. म्हणजे शेळी त्यांना आपलं पिल्लू समजत होती आणि पिल्लू त्यांना आपली आई समजत होतं, आणि या दोघांच्या मधोमध वीज कंपनीचे एक जबाबदार कर्मचारी मान वाकडी करून बसले होते.

"तुम्हाला ती उभी राहू देते ना? मग तुम्हीच काढा दूध," बायको म्हणाली.

टापटीपरावांनी बाह्या सरसावल्या. आचळ धरणं म्हणजे नळ फिरवणं नव्हे, हे त्यांना लगेच समजलं. बाईसाहेब मागे वळून त्यांच्याकडे बघत राहिल्या, पोरगं मंद आहे हे कळलेली आई बघेल तसं. मग कंपाउंडरकाका, "सरका, हे हाताचं कसब आहे," म्हणत पुढे झाले, आणि दुसऱ्याच क्षणी वीतभर पाणी असलेल्या टबात बसलेले दिसले. बाईसाहेब ताईखेरीज कुणाला दूध काढू देत नसत.

तेवढ्यात वसाहतीचे सेक्रेटरी कुंपणाशी आले. ते नेहमी काहीतरी मोजायला आल्यासारखे येत. त्यांनी बोटानं मोजलं, एक, दोन, आणि म्हणाले, "ठरावात एकच शेळी आहे. तीही तात्पुरती."

"हे करडू आहे."

"म्हणजे शेळीच."

"होईल पुढे. आत्ता नाही."

"मग पुढे होणार असेल तर आत्ताच अर्ज द्या," सेक्रेटरी म्हणाले. "आणि फिनेलचा वास फार येतोय, तेवढं बघा."

यातलं कुठलंच बोलणं करडाच्या पोटात जाणार नव्हतं. ते आता कान चोखायचंही थांबलं होतं आणि मान टाकून पडलं होतं. टापटीपरावांच्या मनात एकदम ताईचा चेहरा आला. उद्या ताई येणार. तिला सांगायचं काय? मेलेलं जन्मलं असतं तर तो नशिबाचा भाग होता. हे तर जिवंत जन्मलं होतं, आणि ते आपल्या हातात मेलं, असं ताईला कुठल्या तोंडानं सांगायचं? बायकोला त्यांनी शपथ घातली, की काहीही झालं तरी ताईला करडाचं आत्ता कळवायचं नाही, आणि ऑफिसला येत नाही म्हणून कळवून ते करडू घेऊन जनावरांच्या दवाखान्यात जायला निघाले.

निघताना शर्ट बदलला हे सांगायला नकोच. डागाळलेला शर्ट घालून ते घराला आग लागली तरी बाहेर पडले नसते. नव्या शर्टात ते बाईसाहेबांचा निरोप घ्यायला गेले, तर बाईसाहेबांनी त्यांना ओळखसुद्धा दाखवली नाही. परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि शिंग रोखलं. आत्ताच एवढी माया आणि आत्ताच हे वागणं, म्हणून टापटीपराव फार दुखावले. वाटेत लाँड्री होती. तिथे त्यांनी जुना शर्ट टाकला, "डाग राहता कामा नये, आजच्या आज हवा," असं नेहमीप्रमाणे बजावलं आणि टोपलीतलं करडू सावरत पुढे गेले.

दवाखान्याच्या खिडकीमागच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "काय होतंय?"

"आई पाजत नाही."

"आईला आणलंय?"

"ती याला जवळच घेत नाही, तर बरोबर कशी येईल?"

"जनावर तुमच्या नावावर आहे?"

"बहिणीच्या. तिचं ऑपरेशन झालंय."

"मग बहिणीला आणा," असं म्हणून त्या माणसानं मान वर केली, आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, साहेब तुम्ही? ओळखलं नाही? आमच्या गल्लीतला खांब. वर्षभर येत होतो तुमच्याकडे."

टापटीपरावांना खांब आठवला नाही, पण त्यांनी टोपली छातीशी धरली.

"तुमची तक्रार मिळाली," तो माणूस अतिशय मायेनं म्हणाला. "नोंद घेतली आहे. कारवाई चालू आहे."

टापटीपराव जागच्या जागी थिजले. हे वाक्य समोरून कसं ऐकू येतं हे त्यांना आजवर ठाऊकच नव्हतं. सगळ्यात भयंकर म्हणजे, त्यांच्या तोंडून सवयीनं "आभारी आहे" निघून गेलं आणि ते दोन पावलं दाराकडे वळलेही. तिथून परत फिरून त्यांनी टोपली खिडकीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. "याला कुणीतरी बघितल्याशिवाय मी इथून हलणार नाही," ते म्हणाले, आणि आवाज इतका चढला होता की ते स्वतःच दचकले. करडानंही आपल्या परीनं साथ दिली. खिडकीवरच्या कागदांवर टोपलीतून जे पाझरू लागलं ते बघून तो माणूस ओरडत उठला, आणि आरडाओरडा ऐकून आतून जनावरांचे डॉक्टर बाहेर आले.

डॉक्टरांनी करडू उचललं, तपासायच्या आधी हुंगलं आणि विचारलं, "याला आंघोळ कुणी घातली?"

"मी," टापटीपराव ताठ होत म्हणाले. "गरम पाण्यानं. साबणानं."

"पावडरही?"

"थोडीशी. घामोळ्यांची."

डॉक्टरांनी बोटांना लागलेली पावडर झटकली. "शेळी पिल्लाला जिभेनं चाटते आणि वासानं ओळखते," ते म्हणाले. "तुम्ही तिचं पिल्लू धुऊन टाकलंत. तिच्या दृष्टीनं हे कुणीतरी भलतंच आहे. आज आईचा चीक पोटात गेला नाही तर हे टिकायचं नाही. वार असेल, खालचा पाला असेल, जन्माच्या वेळचं काहीही माखलेलं असेल, ते याच्या अंगाला चोळा आणि तिच्यापुढे ठेवा."

टापटीपरावांच्या डोळ्यांपुढे कचऱ्याची गाडी आली, खराटा आला, फिनेलची बाटली आली. सगळ्या घरादारात त्यांनी त्या वासाचा मागमूस ठेवला नव्हता. आपण इतके चांगले का वागलो, असं त्यांना वाटलं. ते खाली बसले, खुर्ची न पुसता. आणि बसल्या बसल्या त्यांना कॉलरवरून फिरणारी ती खरखरीत जीभ आठवली, तो मऊ आवाज आठवला, आणि मग नव्या शर्टाला रोखलेलं शिंग आठवलं. म्हणजे बाईसाहेबांना त्यांच्यात कसलाही आधार दिसला नव्हता. ती सगळी माया शर्टाची होती. या विचारानं त्यांच्या मनाला लागलं, पण लागून घ्यायलाही सवड नव्हती, कारण शर्ट लाँड्रीत होता आणि आजच्या आज हवा असं त्यांनीच बजावलं होतं.

वसाहतीतल्या लोकांनी टापटीपरावांना पळताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. टकलावर टोपली, टोपलीत करडू, शर्ट विजारीतून बाहेर आलेला.

लाँड्रीत दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. टापटीपराव धापा टाकत म्हणाले, "माझा शर्ट. धुतला नसेल तर तसाच द्या."

लाँड्रीवाल्याचा चेहरा पांढरा पडला. इस्त्रीच्या रेघेवरून दर आठवड्याला हुज्जत घालणारा माणूस न धुतलेला शर्ट मागत होता.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "डाग रक्ताचा आहे."

"मला माहीत आहे."

गिऱ्हाइकं एकेक पाऊल मागे सरकली.

"कुणाचं आहे, ते मी विचारत नाही," लाँड्रीवाला म्हणाला. "पण उद्या चौकशी झाली तर शर्ट का धुतलास, असं मला विचारतील. म्हणून मी हातसुद्धा लावला नाही. काठीनं उचलून बाजूला ठेवलाय."

टापटीपरावांना गहिवरून आलं. त्यांनी काउंटरवरून वाकून लाँड्रीवाल्याचे दोन्ही हात धरले. "तुमचे फार उपकार झाले," ते म्हणाले. "बाळंतपण झालं हो घरी."

"वहिनींना?" लाँड्रीवाला किंचाळलाच, कारण वहिनींचं वय त्याला ठाऊक होतं.

"शेळीला," म्हणून टापटीपरावांनी शर्ट काठीसकट ओढून घेतला आणि पळाले. त्यानंतर लाँड्रीत काय बोलणं झालं असेल, याची कल्पना न केलेली बरी. पुढे बरेच दिवस वसाहतीतले लोक त्यांना रस्त्यात वाट देत होते.

घरी कुणी नव्हतं. ताईला एक दिवस आधीच सोडताहेत असा दवाखान्यातून निरोप आला होता, म्हणून बायको तिला आणायला गेली होती. दारावरची चिठ्ठी वाचून टापटीपराव टोपलीसकट मागे धावले. परसात जाऊन त्यांनी करडाच्या अंगाला शर्ट आधी नुसता चोळला, पण गुलाब काही हार खाईना. मग त्यांनी करडाचे पुढचे पाय बाह्यांत घातले, बाह्या दुमडल्या, पोटाखाली गुंड्या लावल्या आणि सवयीनं कॉलरही नीट केली. करडाला उभं राहवत नव्हतं. एका हातानं त्याला धरून, दुसऱ्या हातानं स्वतःचा अंगातला शर्ट काढून लांब फेकत, ते नुसत्या बनियनवर बाईसाहेबांपुढे गुडघे टेकून बसले.

"चुकलो," ते म्हणाले. "तुमचं काही चुकलं नाही. सगळं माझं चुकलं. आता याला घ्या."

बाईसाहेबांनी नाक पुढे केलं. त्या शिंकल्या, आणि टापटीपरावांना वाटलं, संपलं. पण त्या मागे सरकल्या नाहीत. पुन्हा हुंगलं, छातीपाशी, कॉलरपाशी, बाहीपाशी. आणि मग घशातल्या घशात तो मऊ आवाज आला. करडानं कान हलवले. बाईसाहेब कॉलर चाटू लागल्या, पाय बाजूला घेऊन उभ्या राहिल्या, आणि त्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातलं ते पोर धडपडत कासेखाली शिरलं. एकदा चुकलं, दोनदा चुकलं, मग शर्टाच्या मागच्या बाजूला जे शेपूट होतं ते जोरजोरात हलायला लागलं. टापटीपराव मदतीला जरा पुढे झाले तर बाईसाहेबांनी त्यांना ढुशी दिली. ते उठून लांब पायरीपाशी जाऊन उभे राहिले. डोळे पुसायला त्यांना रुमाल सापडेना, म्हणून बनियन वापरलं.

बऱ्याच वेळानं करडू पोटभर पिऊन खाली बसलं, आणि तेवढ्यात फाटक वाजलं. बायकोनं ताईला परसाच्या दारापर्यंत आणून सोडलं आणि ती सामान आणायला मागे वळली. ताईचा एक डोळा पट्टीखाली होता, दुसऱ्याला चष्म्याशिवाय भिंतसुद्धा दिसत नसे, आणि पट्टीवर चष्मा बसत नव्हता. ती चाचपडत बाईसाहेबांच्या वासाच्या रोखानं आली, बसायचं स्टूल हातानं शोधून बसली, आणि समोर जमिनीवर तिला एक पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी अंधूक दिसलं. तिनं हात पुढे केला. हाताला कॉलर लागली.

"धाकट्या, असा जमिनीवर काय बसलायस?" ताई म्हणाली. "शर्ट मळेल."

पायरीपाशी टापटीपराव अंगातलं बनियन सारखं करू लागले.

"रागावलास होय? तुझी बायको सांगत होती गाडीत. सकाळपासून शेळीपाशीच आहेस म्हणाली. ऑफिसलासुद्धा गेला नाहीस." ताईचा हात शर्टाच्या पाठीवरून फिरत होता. "मी जाताना बोलले, तसं बोलायला नको होतं. सवय लागलीय रे मला. आई गेली तेव्हा तू एवढासा होतास, तुला काही झालं तर मी काय करू, असं वाटायचं सारखं. म्हणून मी तुला कशाला हात लावू द्यायची नाही. आणि खरं सांगू, तू आहेस म्हणून तिला इथे ठेवून मी गेले. दुसऱ्या कुणापाशी ठेवली नसती. माझं आता दुसरं कोण आहे? हे तुला कधी सांगितलं नाही मी. आता मला रडायची बंदी आहे, नाहीतर रडलेच असते."

टापटीपराव दोन हातांच्या अंतरावर उभे होते. एवढा धक्का त्यांना सकाळपासूनच्या कुठल्याच गोष्टीनं बसला नव्हता.

ताईचा हात वर सरकला आणि डोक्यावर आला. "आणि केस कधी आले रे तुला पुन्हा?"

"बें," करडू म्हणालं.

ताईचा हात थांबला. मग तो हळूहळू लांब कानांवरून खाली आला, ओल्या नाकावर आला, दुधानं चिकट झालेल्या हनुवटीखाली गेला, आणि तिथे बराच वेळ राहिला.

"जिवंत आहे," ताई म्हणाली.

बाईसाहेब कॉलर चाटत होत्या.

"याला गुलाबाचा वास कसला येतोय?"

टापटीपराव वळून लांब फेकलेला शर्ट शोधू लागले.

"हात लावू नकोस म्हटलं होतं मी."

"हो."

ताईनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "तू तिथे आहेस होय?"

"हो. पायरीपाशी."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे सगळं ऐकलंस?"

"हो."

"विसरून जा ते," ताई पट्टी सावरत म्हणाली.

"नोंद घेतली आहे," टापटीपराव म्हणाले. "कारवाई चालू आहे."